अडीच आटे

नवी मोटारसायकल दारात आली की तिला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, पेढे वाटायचे आणि पहिली सर्व्हिसिंग होईस्तोवर तिच्या अंगाला हात लावायचा नाही, ही आपली रीत. दगडधोंड्यांत, चिखलात, ओढ्यात घालायची म्हणून उंच गाडी घेणारा माणूस या रीतीत बसत नाही. हारातला झेंडू सुकायच्या आत त्याला गाडी उघडायची असते. आणि गाडी उघडायची म्हणजे कार्ब्युरेटर उघडायचा.

सगळं सोडून कार्ब्युरेटरच का, याचा मी बराच विचार केला आहे. पिस्टनविषयी कुणाला काही म्हणायचं नसतं. गिअरच्या दात्यांवरून दोन मित्र बोलायचे बंद झाले, असं कधी ऐकलं नाही. ते भाग कंपनीने घडवले तसे घडवले, आपण गप्प बसायचं. कार्ब्युरेटरला मात्र खुद्द कंपनीनेच फिरवायला स्क्रू दिलेला असतो. माणसापुढे स्क्रू आला आणि त्याने तो फिरवला नाही असं होत नाही. आणि एकाने फिरवला की दुसऱ्याला तो उलट्या बाजूला फिरवलाय असं वाटल्याशिवाय राहत नाही. ज्याला गाडी चालवता येत नाही त्यालाही कार्ब्युरेटरवर मत असतं.

आमच्या मेव्हण्याने अशी एक उंच गाडी घेतली. आपल्याकडे या जातीच्या गाड्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. हीरोची दीडशे सीसीची इम्पल्स 2011 साली आली, रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन 2016 साली. दोन्ही आल्या त्या कार्ब्युरेटर घेऊनच. मेव्हण्याची गाडी कुठली ते मी सांगणार नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी तो गंभीर चेहऱ्याने माझ्याजवळ येऊन बसला.

"दाजी, गाडी लीन आलीया."

"म्हणजे?"

"म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? गुदमरतीया ती."

जास्त हवा मिळाल्यामुळे गुदमरणारा जीव मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. पेट्रोल पुरतं जळायला एक ग्रॅम पेट्रोलमागे साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, हे पुस्तकातलं प्रमाण. इंजिनाची जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हवा थोडी कमी, म्हणजे 12.5 ते 13 च्या आसपास धरावी लागते. आणि धूर कमी, एव्हरेज जास्त हवं असेल तर कल उलटीकडे. कंपनीला एका बाजूने सरकारचा प्रदूषणाचा नियम सांभाळायचा असतो, दुसऱ्या बाजूने शोरूमच्या दारात उभा राहून "किती देते?" असं विचारणारा तमाम महाराष्ट्र. त्यामुळे ती पेट्रोलला हात आखडता घेते. मग सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी बोलत नाही, हळू चालवताना अॅक्सिलरेटर हलकासा पिळला की आधी क्षणभर विचार करते आणि मग एकदम हिसका देते, उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट वाजते. डांबरी रस्त्यावर हे चालून जातं. पण ओल्या खडकावर, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय फूटरेस्टवर रोवून उभं असताना तो एक हिसका माणसाला करवंदीच्या जाळीत घालतो. मेव्हण्याचं दुखणं नेमकं हे होतं. निदान असं तो म्हणत होता; तोवर गाडी कोल्हापुरातल्या रंकाळ्याच्या पलीकडे गेली नव्हती.

खरं तर कार्ब्युरेटरचं काम ऐकलं तर कुणालाही वाटेल, यात बिघडण्याजोगं आहे काय? एक नळी मध्ये अरुंद केलेली. तिथून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून आपोआप वर ओढलं जातं आणि त्याचा फवारा होतो. बस्स. बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी 1893 साली याचं पेटंट घेतलं. जर्मनीत विल्हेल्म मायबाख त्याच सुमारास तिथवर पोचला होता. हंगेरीत अशी आख्यायिका सांगतात, की एक फुलवाली तोंडाने नळीत फुंकून फुलांवर पाणी फवारत होती, ते बघून या दोघांना कल्पना सुचली. दोन मोठे इंजिनिअर भर रस्त्यात फुलवालीकडे बघत कशासाठी उभे होते, हे आख्यायिकेत येत नाही.

फुलवालीचा फवारा आणि आपली गाडी यांच्यात फरक एवढाच, की फुलवालीला जोर कमी-जास्त करायला फुप्फुसं होती. कार्ब्युरेटरमध्ये त्यासाठी तीन माणसांत कामं वाटून दिलेली असतात. गाडी जागेवर उभी असताना आणि मूठ जेमतेम पिळलेली असताना पायलट जेट आणि तो बदनाम स्क्रू. मधल्या पल्ल्यात सुई, म्हणजे नीडल. आणि मूठ पाऊण उलटून गेली की मेन जेट. सरकारी कचेरीत असतात तशा यांच्या हद्दी काटेकोर नसतात, पण कुठल्या तक्रारीसाठी कुणाकडे जायचं हे ठरलेलं आहे. आणि आमच्याकडे, तक्रार कसलीही असो, माणूस थेट मोठ्या साहेबाकडे जातो. मेव्हण्याने पहिल्याप्रथम मेन जेट आणला.

एकशे पंधराचा काढून एकशे वीसचा. केहीन कंपनीच्या जेटवर जो आकडा असतो तो भोकाच्या मापाचा, म्हणजे 1.15 मिलिमीटरचं भोक 1.20 चं झालं. ऐकायला किरकोळ, पण क्षेत्रफळ काढलं तर भोक जवळजवळ नऊ टक्क्यांनी मोठं होतं. आमच्या शहरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उद्यमनगरात टपरीवर चहा पिणारा माणूसही मायक्रॉनखाली बोलत नाही. एका लेथवाल्याने तर "जेट इकत कशाला आणलासा? मी हाय तेच भोक वाढवून दिलं असतं," म्हणून खरोखरीच वाईट वाटून घेतलं.

शोरूमवाल्यांनी कार्ब्युरेटरला हात लावायला नकार दिला. "वॉरंटी जाईल," असं ते म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्यामुळे मोर्चा उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडे वळला. हे मेस्त्री कमी बोलतात. गाडी बघून ते "नवी दिसतीया" एवढंच म्हणाले आणि हातातला डिसमिस लुंगीला पुसला. कार्ब्युरेटर खाली उतरला. वाटीचे चार स्क्रू. हे जपानी पद्धतीचे स्क्रू दिसायला आपल्या चौफुलीच्या स्क्रूंसारखेच असले तरी त्यांच्या खाचेचा तळ वेगळा असतो. साधा डिसमिस लावून जोर केला की तो वर सरकतो आणि खाचेचे चारही कोपरे गोल करून ठेवतो. पहिले दोन निघाले. तिसरा स्लिप झाला. मेस्त्रींनी तोंडातली सुपारी डाव्या गालातून उजव्या गालात घेतली, स्क्रूच्या डोक्यावर डिसमिस उभा धरून हातोडीचा एक नेमका टोला दिला आणि तो मुकाट्याने फिरला. नव्या गाडीवर हातोडी पडताना मेव्हण्याने डोळे मिटून घेतले होते.

वाटी निघाली. आत पितळेचा मेन जेट, त्याच्या शेजारी पायलट, आणि पेट्रोलची पातळी राखणारा प्लॅस्टिकचा फ्लोट. मेस्त्रींनी क्लचच्या जुन्या केबलीतून एक तार ओढून काढली. जेट साफ करायची ही सार्वत्रिक पद्धत. नव्या जेटमध्ये साफ करण्याजोगं काही नव्हतं. पण हात सवयीने तारेकडे गेला होता. मेव्हण्याने तो हात वरचेवर धरला. त्या तारेने वर्षानुवर्षं किती एकशे पंधराचे जेट हळूहळू एकशे वीसचे झाले असतील याची मोजदाद नाही. म्हणजे गाव मॉडिफिकेशन पूर्वीपासून करतच होतं, फक्त पैसे सर्व्हिसिंगचे घेत होतं.

मग सुई. इथे मेव्हण्याचा अभ्यास दांडगा होता. अमेरिकेत कावासाकीची केएलआर 650 नावाची एक उंच गाडी लोक वर्षानुवर्षं चालवतात. तिची सुई वर-खाली करायला कंपनीने खाचा दिलेल्या नव्हत्या. म्हणून तिथल्या लोकांनी सुईच्या डोक्याखाली दोन बारके वायसर सारून ती उचलली. वायसरांची किंमत बावीस सेंट, म्हणून त्या उपायाचं नावच बावीस सेंटची युक्ती. आमच्या मेव्हण्याला या युक्तीने वेड लावलं होतं. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचा वायसर, जाडी अर्धा मिलिमीटर. तो मिळवण्यासाठी त्याने रेडिओ दुरुस्तीपासून चष्म्याच्या दुकानापर्यंत निम्मं कोल्हापूर पालथं घातलं. शेवटी एका घड्याळजीने दोन वायसर फुकट दिले. पेट्रोल जाळून जाळून बावीस सेंटचं काम किती रुपयांना पडलं हा हिशेब माझ्या बायकोने मांडला होता. भावाचा विषय असल्यामुळे तिने तो मोठ्याने वाचला नाही.

सुई ज्या स्लाइडमध्ये बसते तिला वरून एक रबरी पडदा असतो आणि त्यावर लांब, नाजूक स्प्रिंग. झाकणाचा शेवटचा स्क्रू सुटला की ही स्प्रिंग उडते. ती उडते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही ती सगळ्यांच्या हातून उडते. आमची गॅरेजसमोरच्या गटारावरून पलीकडे, उसाचा रस काढणाऱ्याच्या पातेल्याशेजारी गेली. रसवाल्याने ती उचलून, धुऊन, नीट पुसून आणून दिली आणि जाता जाता म्हणाला, "सुई एक खाच वर घ्या. माझ्या भावाच्या गाडीला बी घेतली हुती."

खरं महाभारत झालं ते स्क्रूवरून. कंपनीने त्याच्या तोंडाशी बूच मारलेलं होतं, म्हणजे सामान्य जनांनी याला शिवू नये असा स्पष्ट संकेत होता. बूच निघालं. आता तो किती आटे सोडायचा? आमच्या शेजारच्या अण्णांकडे तीस वर्षांची आरएक्स हंड्रेड आहे. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती. ते म्हणाले, "पेट्रोल वाढवायचंय ना? मग आत घे. आवळ."

मेव्हणा म्हणाला, "अण्णा, बाहेर. सोडायचा."

"अरं, मी दोन पिढ्यांच्या गाड्या सेट केल्यात. आवळला की रिच."

"सोडला की रिच!"

आवाज चढत गेले. बघ्यांचे दोन पक्ष पडले. अण्णांनी मेव्हण्याच्या वडिलांचं लहानपण काढलं. मेस्त्री शांतपणे तंबाखू मळत बसले होते, कारण त्यांना ठाऊक होतं की दोघंही बरोबर आहेत. आरएक्सच्या मिकुनी कार्ब्युरेटरला बाजूला असतो तो हवेचा स्क्रू: बाहेर काढला की हवा वाढते, आवळला की हवा कमी होऊन मिश्रण रिच. मेव्हण्याच्या गाडीला, स्लाइडच्या पलीकडे इंजिनाच्या अंगाला होता तो मिश्रणाचा स्क्रू: तो सोडला की पेट्रोल वाढतं. दोघं वेगवेगळ्या स्क्रूंविषयी तासभर भांडले आणि प्रत्येकाला आपला मुद्दा सिद्ध झाल्याचं समाधान मिळालं. मेस्त्रींनी स्क्रू हळूच आतपर्यंत टेकवला, मग अडीच आटे सोडला, स्लो रेस थोडी वाढवली, आणि इंजिन सुरळीत बोलायला लागल्यावर अण्णांना म्हणाले, "तुमच्या म्हणण्याप्रमाणंच केलं बघा." मेव्हण्यालाही त्यांनी नंतर बाजूला घेऊन तेच सांगितलं.

गाडी जुळली. मेव्हणा एक चक्कर मारून आला तो घामाने आणि आनंदाने डबडबलेला. "दाजी, पिकअप बघा! मेन जेटनं जादू केली!" आता, मेन जेट बोलायला लागतो तो पाऊण मूठ उलटल्यावर, आणि त्या संध्याकाळच्या वाहतुकीत पाव मुठीपलीकडे जायला रस्ता नव्हता, हे मला दिसत होतं. मसाईच्या पठारावर, गगनबावड्याच्या जंगलवाटेवर तर आठवा हिस्साही पुरतो. जी काही सुधारणा झाली होती ती फुकटच्या वायसरांनी आणि अडीच आट्यांनी केली होती. पण माणूस ज्याला पैसे मोजतो त्याचाच गुण त्याला येतो. मी काही बोललो नाही. मेव्हण्याशी बोलताना एवढं पथ्य पाळावं लागतं.

पुढची पायरी म्हणजे प्लगचं वाचन. गाडी पळवायची, मूठ धरून इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. पांढराफटक असेल तर लीन, काजळी धरली असेल तर रिच, आणि तांबूस तपकिरी असेल तर बरोबर. मेव्हण्याने प्लग चिमट्यात धरून फिरवला. "गुळाच्या रंगाचा हाय," त्याने जाहीर केलं. दुसऱ्या कुठल्याही गावात विषय इथे संपला असता. कोल्हापुरात गूळ म्हटल्यावर सौदे सुरू होतात. कुठला गूळ? मार्केट यार्डात भाव खाणारा पिवळाधमक, की औषध न घातलेला, घरच्या खाण्याचा काळपट? रसवाल्याचं मत पडलं की हा दुसऱ्या प्रतीचा माल आहे. अण्णा म्हणाले, प्लग असला रंग दाखवतो तेव्हा इंजिनाचं ऑइल बदलायला झालेलं असतं. गाडीने तोवर पहिलंसुद्धा ऑइल पुरतं गरम केलं नव्हतं.

सासरेबुवांना, म्हणजे मामांना, या रंगात रस नव्हता. त्यांनी ओसरीवरून एकच प्रश्न टाकला, "आता एव्हरेज किती देती?" याचं उत्तर घरात कुणी दिलं नाही. मेव्हण्याने टाकी तोंडापर्यंत भरून मोजमाप केलं होतं, पण तो आकडा त्याने माझ्यापासूनही लपवला. मामांनी मात्र पेट्रोलच्या पावत्या गुपचूप जमवायला सुरुवात केली. धुराचं काय, म्हणाल तर नव्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही. नंतरही त्या तपासणीत गाडी उभी करून स्लो रेसवर नळी सायलेन्सरात घालतात; त्या काळच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांच्या आत यावा लागतो. मेन जेट त्या वेळी झोपलेला असतो. अडकायचाच तर तो स्क्रू अडकतो, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तो अर्धा आटा आवळायचा असतो हे पीयूसीवालाच सांगतो.

मग लेह. या गाड्यांना लेहला जावंच लागतं. मेव्हणा आणि त्याचे मित्र गेले, आणि खारदुंग ला चढताना मेव्हण्याची गाडी काळा धूर ओकायला लागली. तिथे पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं होतं. खरी उंची मोजली तर साधारण 17,582 फूट भरते. पाटी खरी धरा किंवा मोजणी, हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्माच. हवा अर्धी आणि पेट्रोल एकशे वीसच्या भोकातून कोल्हापुरी हाताने वाढलेलं. मागून एक कंपनी सेटिंगची गाडी, मागच्या सीटवर मंडळी बसलेली, डिकीला शेगडी बांधलेली, फुकफुकत का होईना वर निघून गेली. मेव्हण्याने हिमालयात, कुडकुडत्या बोटांनी, डबीतून जुना एकशे पंधराचा जेट काढून परत बसवला. तो फोटो त्याने सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं: हाय अल्टिट्यूड ट्युनिंग.

पुढे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा नियम आला आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. केहीनचा कारखाना आपल्या चाकणला होता, म्हणजे जपानी असला तरी तो आपलाच वाटायचा. कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. मेव्हण्याने तशी नवी गाडी घेतली आहे. ती सकाळी एका बटणात सुरू होते, उतारावर फटफटत नाही, घाटात आपली आपण हवा मोजून पेट्रोल देते. तिच्यात काही बिघडलं तर मीटरवर एक पिवळा दिवा लागतो आणि शोरूममधला मुलगा तिला लॅपटॉप जोडतो. मेव्हणा बाजूला खुर्चीवर बसून मोबाइल बघतो. अण्णा एकदा ती गाडी बघायला आले होते. खाली वाकले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि काही न बोलता चहा न घेता गेले.

जुनी गाडी विकायला काढली तेव्हा वायसर निघाले, जेट पुन्हा कंपनीचा बसला, स्क्रूच्या तोंडाला एमसीलचं बूच लागलं. निपाणीहून गिऱ्हाईक आलं. सोबत त्याचा चुलता. चुलत्याने गाडीकडे न बघता आधी मेव्हण्याकडे बघितलं.

"उघडलिया का कुठं?"

"छ्या! कंपनी सेटिंग. पाना सुद्धा लागला न्हाई."

गिऱ्हाईक चक्कर मारून आलं. गाडी आवडली होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून चुलत्याने त्याला मागे सारलं. मग त्याने अॅक्सिलरेटर दोनदा पिळला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि "जरा लीन वाटतीया," म्हणत तो गुडघ्यावर बसला. सौदा ठरायचा होता, विसार द्यायचा होता, किमतीचा पहिला आकडाही अजून कुणी तोंडातून काढलेला नव्हता. चुलत्याने नखाने एमसील टोकरलं, ते सुटल्यावर खिशातून डिसमिस काढला आणि मान वर न करता विचारलं,

"किती आटे सोडलाय ह्यो?"

"अडीच," मेव्हणा म्हणाला.